अर्धा कोयता

ऊसतोडीचा मुकादम गावात येतो तेव्हा तो माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल मिळते ती जोडीला. त्यानं ऊस तोडायचा, तिनं पाचट काढून मोळ्या बांधायच्या, मग दोघांनी त्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत घ्यायला कुणी फारसं राजी नसतं. माझं आजोळ धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा-दिवाळी उलटली की तिथं म्हातारी माणसं आणि लहान लेकरं तेवढी मागं राहतात. पोरगं सोळा-सतराचं झालं की घरात एकच घाई सुरू होते, त्याचा कोयता पूर्ण करायची. हंगामाच्या तोंडावर, कधी कधी तर कारखान्याच्या दारातच उरकलेल्या लग्नांना ‘गेटकेन लग्न’ असं नावच पडलंय.

ही पद्धत समलिंगी माणसांना त्रास द्यायला कुणी काढलेली नाही. ती ज्यांनी पाडली त्यांच्या मनात अशी माणसं असतील हा विचारसुद्धा आला नसेल. मला जे समजावून सांगायचंय ते हेच. कुणाच्या मनात विचारच येत नाही, आणि त्या न आलेल्या विचारावर घर, शेती, मजुरी, देवधर्म, कायदा सगळं उभं राहतं.

समाजशास्त्रात याला हेटरोनॉर्मेटिव्हिटी म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ जड नाही. प्रत्येक पुरुषाला बाईचीच ओढ असणार, प्रत्येक बाईला पुरुषाचीच, आणि दोघांची जोडी हेच माणसाचं नैसर्गिक, पूर्ण रूप, असं धरून चालणं. मराठीत यासाठी ‘भिन्नलिंगी प्रमाणकता’ वगैरे शब्द वापरतात. मी त्याला ‘जोडीचा हिशेब’ म्हणतो.

मी ३४ वर्षांचा आहे. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो, आता छत्रपती संभाजीनगरला एका खासगी कंपनीत हिशेब लिहितो. मी समलिंगी आहे आणि गेली सात वर्षं माझ्या जोडीदारासोबत राहतो. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहिलंय त्यातलं बरंचसं पुस्तकातून आलेलं नाही.

हिशेब कुठं कुठं आहे

आधी आपली भाषाच बघा. लग्न झालं की पोरगं ‘मार्गी लागतं’, म्हणजे तोवर ते आडवाटेला होतं. पोरगी ‘उजवली’ जाते. दोनाचे चार हात होतात. बिनलग्नाचा पुरुष सडाफटिंग, आणि बाईचं वय वाढलं तर ती घोडनवरी. लग्नाआधी वारलेल्या पोराचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो असं मानणारी माणसं आमच्याकडं आजही आहेत. पाराजवळ त्याच्या नावाचा शेंदूर लावलेला दगड असतो. जोडी न होता गेलेला जीव मेल्यावरही अर्धवट राहतो, असा त्याचा अर्थ.

मग रीतीभाती. सत्यनारायणाला जोडीनं बसायचं. मेहूण म्हणून जेवायला बोलावतात ते नवराबायकोला. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला धोंडे खायला घालायचे. शहरात घर बघायला गेलं की पाटी दिसते, ‘फक्त फॅमिलीसाठी’. यातली एकही गोष्ट वाईट नाही. धोंडे मलाही आवडतात. पण ज्याला अशी जोडी होणारच नाही त्याच्यासाठी या सगळ्यात पाट मांडलेला नाही, आणि मांडलेला नाही हे कुणाला दिसतही नाही.

वेळ अमावस्येला, आमच्या येळवसला, सगळं गणगोत शेतात जमतं. कडब्याची कोप घातलेली असते, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडलेले असतात. भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील. वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस. आणि त्याच दिवशी, आंबिलीचा गडू हातात देता देता कुणीतरी विचारतंच, “मग, औंदा बार उडवायचा का?” विचारणाऱ्या काकूच्या मनात तिळभरही वाईट नसतं. हा प्रश्न आला की माझे चुलतभाऊ लाजायचे. मी कोपीच्या मागं जाऊन उभा राहायचो. विशी ते तिशी, दहा येळवशी मी अशाच काढल्या.

याच हिशेबाचा एक उलटा परिणामही आहे. दोन पोरं गळ्यात हात घालून तुळजापूरच्या यात्रेत फिरली, एका वाकळेत झोपली, तरी कुणाला काही वाटत नाही. लातूरला मी अकरावी-बारावीला होतो. होस्टेलचे वॉर्डन मुलं-मुली एकमेकांशी बोलतात का, यावर रात्रंदिवस डोळा ठेवायचे. मुलांच्या खोल्यांत कोण कुणावर जीव टाकतंय याकडं त्यांचं लक्षही नव्हतं. तसं काही असू शकतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणजे लपायला जागा मिळते. पण जी गोष्ट अस्तित्वातच नाही, ती बोलणार कुणाशी? सोळाव्या वर्षी मला खरोखर वाटायचं की जगात असा मी एकटाच आहे.

आता गावात एक नवीन आडोसा तयार झालाय. तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरं गावोगाव आहेत, कारण शेती करणाऱ्याला कुणी मुलगी देईना. शिवाय मुलीच कमी. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या १००० मुलांमागं फक्त ८०७ मुली होत्या, आणि ती पिढी आता लग्नाच्या वयाला येतेय. त्या गर्दीत एखादा समलिंगी पोरगाही ‘बिचाऱ्याला मुलगी मिळेना’ म्हणून खपून जातो. पोटातच मारलेल्या मुलींच्या हिशेबाआड त्याला लपावं लागतं, हे मला फार लागतं.

शब्दांचा घोळ

आमच्या भागात ‘समलिंगी’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढं तृतीयपंथी येतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतःला कोण समजतो, पुरुष, बाई की आणखी काही, हा झाला लिंगभाव. मला कुणाची ओढ वाटते, हा झाला लैंगिक कल. मी स्वतःला पुरुषच समजतो. ओढ मला पुरुषाची वाटते. जन्माच्या वेळी मुलगा ठरवलं गेलं, पण आतून ती बाई आहे, अशी व्यक्ती पारलिंगी. तिला ओढ कुणाची वाटते हा पुन्हा वेगळा प्रश्न. ज्यांना दोघांचीही ओढ वाटू शकते ते उभयलैंगिक. एवढं कळलं तरी गोंधळ बराच निवळतो.

‘समलिंगी’ या शब्दाचीही एक अडचण आहे. त्यात ‘लिंग’ आल्यामुळं ऐकणाऱ्याचं मन थेट अंथरुणात जातं. तुमच्या आईवडिलांकडं बघताना तुम्हाला सकाळचा चहा, रुसवेफुगवे, दवाखान्यातली जागरणं आठवतात. आमच्याकडं बघताना फक्त शरीर आठवतं. माझा जोडीदार घोरतो, वांग्याला हात लावत नाही, आणि माझ्या आईच्या गुडघ्याची तारीख माझ्यापेक्षा त्याच्या लक्षात असते. माझं समलिंगी असणं दिवसातले तेवीस तास असंच असतं.

दुसरा शब्द आहे ‘बायल्या’. हा मला पाचवीपासून ओळखीचा, कारण मी क्रिकेटऐवजी मुलींत लगोरी खेळायचो. मुलगी जीन्स घालून ट्रॅक्टर चालवायला लागली की लोक कौतुकानं म्हणतात, ‘पोरगी नाही, पोरगा आहे आमचा’. पोरगं बाईसारखं वागलं की ती शिवी होते. बाई खालची मानली नसती तर बाईसारखं असणं लाजेचं कशाला झालं असतं? समलिंगी पुरुषाला जी हेटाळणी वाट्याला येते ती मुळात बाईच्या वाट्याची आहे. त्याला ती उष्टी मिळते. म्हणून घरातल्या बाईला मान नसेल तर त्या घरातल्या समलिंगी पोराला मान मिळणं अवघड, असं माझं ठाम मत आहे.

‘लग्न लावून द्या’

बाविसाव्या वर्षी घरात कळलं. वडिलांनी मारलं नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत, मग सोयाबीनचे पैसे काढून मला घेऊन निघाले. आधी एका देवऋषीकडं, त्यानं अंगारा दिला आणि उतारा टाकायला लावला. मग एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरकडं. त्यांनी इंजेक्शनचा कोर्स लिहून दिला आणि वडिलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “काळजी करू नका, लग्न लावून द्या, आपोआप लाइनीवर येतो.” बाबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी सुटका दिसली ती मी विसरू शकत नाही. ते वाईट बाप नव्हते. त्यांना पोराचा आजार बरा करायचा होता.

पण आजार नव्हताच. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी तेच केलं. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८मध्ये हा आजार नाही असं स्पष्ट सांगितलं. आपल्याकडच्या मानसिक आरोग्य कायद्यात, २०१७च्या, लैंगिक कलावरून रुग्णाशी भेदभाव करायचा नाही असं लिहिलेलं आहे. आणि कल ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२मध्ये कळवलं. मला इंजेक्शनं दिली गेली ती या कळवण्याच्या आधी. आज कुणी तसं करत असेल तर त्याची तक्रार करता येते.

मग हे होतं कशामुळं? पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांचा अभ्यास करून २०१९मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की असा एखादा ‘गे जीन’ सापडत नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आहे आणि इतरही गोष्टी आहेत. संगतीनं, मोबाइलनं, होस्टेलनं माणूस समलिंगी होतो याला आधार नाही. तसं असतं तर उलटंही झालं असतं. माझ्याभोवती चोवीस तास बाई-पुरुषाच्या प्रेमाचीच गाणी, मालिका, लग्नं होती. त्या संगतीनं मी बदललो नाही. आणि कल उपचारानं बदलतो असंही कधी सिद्ध झालेलं नाही.

‘लग्न लावून द्या’ या सल्ल्यावर मला थोडं थांबायचंय, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त नुकसान यानंच केलंय, आणि ते फक्त समलिंगी माणसांचं नाही.

माझा एक मित्र आहे. घरच्यांना माहीत होतं, तरी दहा वर्षांपूर्वी त्याचं लग्न लावलं. मुलगी परळीकडची, बी.ए. झालेली. तिच्या वडिलांनी दीड एकर गहाण ठेवून हुंडा आणि मानपान केला. पहिल्या रात्रीपासून तो पाठ करून झोपायचा. वर्षभरानं सासू विचारायला लागली, मूल का नाही. मग तपासण्या झाल्या, तिच्या. माहूरला रेणुकेला नवस बोलला, तिनं. गुरुवार धरले, तिनंच. पाच वर्षांत त्याला कुणी एकदाही दवाखान्यात नेलं नाही. तिला वाटायचं आपण दिसायला बरी नाही. रंग उजळायच्या क्रीमच्या ट्यूबा तिच्या कपाटात होत्या. शेवटी त्यानंच धीर करून तिला सगळं सांगितलं. मी त्या घरी गेलो तेव्हा ती मला म्हणाली, “दादा, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी पाच वर्षं आरशाशी भांडले नसते.” दोघांच्या संमतीनं काडीमोड झाला. दीड एकर सुटली नाही. गावात आजही म्हणतात, दोष तिच्यातच होता.

आईबापांनो, ‘लग्नानंतर सुधारेल’ म्हणता तेव्हा तुम्ही दुसऱ्याच्या लेकीला औषध म्हणून वापरता. ती औषध नाही. तिलाही कुणीतरी जीव लावावा असं वाटत असतं.

समलिंगी मुलींचं तर आणखी अवघड. मुलाला निदान नोकरीच्या नावानं पुण्याला पळता येतं. मुलीला विचारतो कोण? दोन मैत्रिणी एकमेकींशिवाय राहत नाहीत याचं कॉलेजपर्यंत कौतुक होतं. स्थळं यायला लागली की एकीचा मोबाइल काढून घेतला जातो. मदुराईच्या अशाच दोन मुली घर सोडून चेन्नईला गेल्या. पालकांनी हरवल्याच्या तक्रारी दिल्या, पोलीस मागं लागले, म्हणून मुली मद्रास उच्च न्यायालयात गेल्या. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी तिथं एक वेगळीच गोष्ट केली. आपल्याला हा विषय पुरेसा कळत नाही असं त्यांनी मान्य केलं आणि निकाल देण्याआधी स्वतः समुपदेशकाकडं जाऊन शिकून घेतलं. मग ७ जून २०२१च्या आदेशात त्यांनी पोलिसांनी अशा जोडप्यांना छळू नये आणि कल बदलण्याचे उपचार बंद करावेत असं बजावलं. एवढ्या मोठ्या खुर्चीवरचा माणूस ‘मला माहीत नाही, शिकतो’ म्हणू शकतो, तर मामा-काकांनाही ते जमायला हवं.

जात आणि कायदा

जोडीचा हिशेब इतका घट्ट का, याचं मला पटलेलं उत्तर बाबासाहेबांच्या एका जुन्या निबंधात सापडलं. १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी तो वाचला होता. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यामुळं, असं त्यात ते मांडतात. मग पुढचा मुद्दा येतो. जातीत बायका-पुरुषांची संख्या जोडीला जोडी राहिली तरच हे चालतं. जोडीतलं एक गेलं की दुसरं माणूस ‘जास्तीचं’ ठरतं आणि त्याची काहीतरी सोय लावावी लागते. सती, विधवेवरची सक्ती, बालविवाह या त्यांच्या मते अशा ‘सोयी’ होत्या. या निबंधात समलिंगी माणसांचा विषय नाही. पण तो वाचताना मला माझी जागा कळली. मी त्या हिशेबातला जास्तीचा माणूस आहे. सोयरीक जुळवून जमीन, जात, पाहुणचार सांभाळणाऱ्या समाजाला लग्नाला नकार देणारं पोरगं का खुपतं, हे त्यातून उमगतं. जातीबाहेर प्रेम करणाऱ्यांवर हात उचलणारे आणि आम्हाला शिव्या देणारे बहुतेकदा एकच लोक निघतात, याचं नवल नाही.

बाबासाहेबांचा आणखी एक धागा. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरं द्यायचे, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली मुंबईच्या न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढवली. ते हरले, पण अशा विषयावर बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ‘हे सगळं पाश्चात्त्यांचं फॅड’ म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

परदेशातून आला तो कायदा. भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम इंग्रजांनी १८६० साली लिहिलं, १८६२पासून लागू केलं. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. खुद्द इंग्लंडनं १९६७ साली आपल्या घरी प्रौढ पुरुषांचे संमतीचे, खासगीतले संबंध गुन्ह्यातून वगळले. आपल्याकडं कायदा तसाच राहिला. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये तो निकाल फिरवला, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की संमतीनं एकत्र येणारे प्रौढ गुन्हेगार नाहीत. त्या निकालात संविधानिक नीतीचा आधार घेतलाय. समाजातल्या बहुसंख्यांना काय रुचतं यापेक्षा संविधान काय सांगतं ते मोठं, असा त्याचा अर्थ. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेब म्हणाले होते की ही नीती माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. मी ज्या विद्यापीठात शिकलो, त्याला त्यांचं नाव मिळायला १९७८च्या ठरावापासून १९९४च्या जानेवारीपर्यंत वाट बघावी लागली आणि माणसांचे जीव गेले. रुजायला किती वेळ लागतो हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

तर आम्ही गुन्हेगार राहिलो नाही. पण जोडी म्हणून कायद्याला अजून दिसत नाही. १७ ऑक्टोबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. तो प्रश्न संसदेचा म्हटला. याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? मी मृत्युपत्र न करता मेलो तर माझ्या जोडीदाराला माझ्या वस्तूंवर काडीचा हक्क नाही. जोडपं म्हणून आम्हाला मूल दत्तक घेता येत नाही. फॅमिली पेन्शन नाही. आणि घरमालकानं कळल्यावर घर सोडायला सांगितलं, खासगी मालकानं कामावरून काढलं, तर त्याला थेट अडवणारा वेगळा कायदा समलिंगी माणसांसाठी आजही नाही. आम्हाला पहिल्या घरातून असंच जावं लागलं. मालकीणबाई रडल्या, पण म्हणाल्या, “सोसायटीत लोक विचारायला लागलेत.”

एक मोठी फट २०२४मध्ये पडली. १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३७७सारखं कलमच नाही. ऐकायला बरं वाटतं. पण प्रौढ पुरुषावर पुरुषानं बलात्कार केला तर त्यासाठी तेच एक कलम होतं. आता त्याला लागू होईल असं बलात्काराचं कलम नाही.

आणि ब्लॅकमेल. याविषयी मी जाहीरपणे सांगतोच, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी हे फार चालतं. मोबाइलच्या डेटिंग ॲपवर गोड बोलून भेटायला बोलवायचं, शहराबाहेर न्यायचं, चौघांनी मिळून मारायचं, व्हिडिओ काढायचा, आणि ‘बापाला पाठवतो’ म्हणून फोन-पेवर पैसे घ्यायचे. पोरं आयुष्यभराची बचत देऊन गप्प बसतात, कारण त्यांना वाटतं गुन्हेगार आपणच. नाही. समलिंगी असणं गुन्हा नाही. खंडणी हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३०८. पहिली भेट गर्दीच्या जागी ठेवा, कुठं जाताय ते एकाला तरी सांगून जा, धमकीचे मेसेज पुसू नका. ठाण्यात एकट्यानं जायची भीती वाटत असेल तर १५१०० या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर सल्ला मागता येतो. जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा फोन आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आईनं मला कधी ‘स्वीकारलं’ असं काही म्हटलं नाही. परवाच्या येळवसला काकूनं पुन्हा बाराचं विचारलं. आई भाकरीवर भज्जी वाढता वाढता म्हणाली, “त्याचं त्यो सुखी हाय. तू जेव.” बाबा कोपीबाहेर बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण माझ्या जोडीदाराचं ताट त्यांनी आपल्या शेजारी ओढून घेतलं होतं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं खुलासा केला, की समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला कुठलीही आडकाठी नाही. रेशन कार्डासाठीही एकत्र राहणाऱ्या जोडीदारांना एकाच घरातले धरावं असं केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना कळवलं. मी तो बँकेचा खुलासा छापून घेतला आणि आम्ही दोघं आमच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलानं तो दोनदा वाचला, आत जाऊन साहेबांना दाखवून आला, आणि आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. चांगला मुलगा होता. नॉमिनीच्या रकान्यापाशी आल्यावर त्यानं विचारलं, “सर, नातं काय लिहू?” जोडीदार, मी म्हणालो. त्यानं स्क्रीन आमच्याकडं वळवली. यादीत वडील होते, आई होती, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. त्यानं वरून खाली दोनदा यादी फिरवली. मग सगळ्यात खालच्या ‘इतर’वर आणून थांबला आणि आमच्याकडं बघितलं. आम्ही हो म्हणालो. पासबुक आठवड्यानं मिळालं, वरती दोघांची नावं आहेत.